संकट घेणारा मासा

घरावरचं संकट मासा स्वतःवर घेतो, अशी खांबेट्यांच्या घरात अढळ श्रद्धा होती. साहजिकच त्याला औषध द्यावं असं कुणाला कधी सुचलं नव्हतं.

आता टाकीतल्या अरोवाना माशाची शेपटीच सडत चालली होती. वृंदाने त्याला वेगळ्या टबात काढलं आणि अँटिबायोटिकची पुडी फोडली.

"हात मागे घे!" सासूबाई ओरडल्या. "ह्यांना आत्ता ऑपरेशनला आत घेतलं असेल. ह्यांचं दुखणं त्यानं ओढून घेतलंय. त्याला बरं केलंस तर ते जाईल कुठं?"

"आई, बाबांचं हृदयाचं आहे. ह्याचं शेपटीचं."

"संकटाला काय कळतंय?"

मासा एका अंगावर कलंडला. वृंदाने डोळे मिटून पुडी रिकामी केली.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाईंनी टबाला हात जोडले. वृंदाने स्पीकर लावला.

"ऑपरेशन आता सोमवारी," नवरा म्हणाला. "सर्जनला ताप आलाय."