पिस्तुलावरचा अंगठा

ओडीलबाईंचा नवरा अल्सीड कायम कमरेला छोटं पिस्तूल लावायचा. लुइझियानाचा दमट उन्हाळा, त्यात त्याचा खारट घाम. रोज संध्याकाळी पोलादावर त्याच्या अंगठ्याचा गंजका ठसा दिसायचा, मासे धरताना गळ लागून राहिलेल्या तिरक्या व्रणासकट. "हात आहे की समुद्र?" म्हणत बाई तेलाच्या फडक्याने तो पुसायच्या.

अल्सीडला जाऊन तीन वर्षं झाली. आज लेक सेलेस्ट पिस्तूल न्यायला आली होती. बाईंना ते द्यायचं नव्हतं, पण कारण सापडेना. त्यांनी ते पुसून लख्ख केलं, टेबलावर ठेवलं आणि कॉफी आणायला आत गेल्या.

"आई, कसलं पुसलंस? गंजलंय की हे. मला नको बाई."

बाई धावत आल्या. अंगठ्याचा ठसा, मधोमध गळ लागल्याची तिरकी रेघ. नव्या नवरीसारख्या हसत त्यांनी फडकं टेकवलं.

ठसा अजून कोमट होता.