वज्राच्या आत

"हाणा त्याला! यानंच मारलं आपल्या चंद्रिकेला!" असं ओरडत एका पैलवानानं वज्राच्या पत्र्याच्या छातीवर काठी घातली आणि निम्मी जत्रा मंचावर चढली. टीव्हीवरच्या मालिकेतला हा लाडका रोबो मुद्दाम जत्रेत आणला होता. पण रविवारच्या भागात त्यानं फितूर होऊन नायिकेचा गळा आवळला, आणि तो राग लोकांना गिळवत नव्हता.

वज्राच्या आत, ते पत्र्याचं सोंग अंगावर चढवलेला भानुदास होता. "मेलो, सोडा!" म्हणून तो किंचाळत होता, पण आतल्या भोंग्यातून ते यंत्रासारखं घरघरत बाहेर येई आणि लोक टाळ्या पिटत. पत्रा चेपला, सांध्यातून रक्त गळायला लागलं.

"तेल गळतंय बघा!" कुणीतरी खिदळलं.

भानुदासची आई गोदाक्का कोपरांनी माणसं सारत वर चढली. "मुडद्यांनो, आत माझा लेक आहे!"

"म्हातारे, रोबोला आई असते होय?" पैलवान हसला.

ती त्याच्या मनगटाला अशी कडाडून चावली की काठी गळाली. तीच उचलून तिनं त्याचं नाक फोडलं, मग वज्राच्या मानेमागची कडी काढून लोखंडी मुंडकं उपटलं.

आतून भानुदासचं सुजलेलं, रक्ताळलेलं तोंड बाहेर आलं. मंचावर चढलेली माणसं मागं सरली.

"मावशी, आत माणूस असेल हे आम्हाला काय ठाऊक?" पैलवान नाक धरून पुटपुटला.

गोदाक्कानं काठी टाकली नाही. "आता ठाऊक झालं ना? मग उचल त्याला. दवाखान्यापर्यंत एक हिसका जरी बसला, तर तुझ्या आत काय आहे तेही या सगळ्यांना उघडून दाखवीन."