उलटा भरलेला ट्रक

चालक डेलबर्टने मार्लिसच्या ग्रीनहाउससमोर ट्रकचं मागचं दार वर सरकवलं, आत पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"मार्लिस, तुझा हीटर पार आत आहे," तो म्हणाला. "आणि त्याच्या अलीकडे पाच जणांचा माल."

ज्यांना अख्खा ट्रक परवडत नाही अशा सहा जणांचा माल त्या ट्रकमध्ये होता. ज्याचं गाव शेवटी त्याचा माल सगळ्यात आत, ज्याचं पहिलं त्याचा दाराशी, अशी भरायची रीत. मार्लिसचं ग्रीनहाउस पहिलं. पण गोदामात कुणीतरी यादी खालून वर वाचली होती. दाराशी शंभर मैलांवरच्या चर्चच्या खुर्च्या दिमाखात उभ्या होत्या.

मे महिना लागला तरी नॉर्थ डकोटात थंडीचा भरवसा नसतो. आज रात्री पारा शून्याखाली जाणार होता. जुना हीटर बंद पडलेला, आत टोमॅटोची आठ हजार रोपं. नवरा, ऑरिन, खुब्याचं हाड मोडून इस्पितळात. रोपं गेली की वर्ष गेलं.

"सगळं इथेच उतरव ना!"

"या खडीवर? आणि परत चढवायला फोर्कलिफ्ट आहे का तुझ्याकडे?"

मार्लिसने त्या भरणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग म्हणाली, "तू उलटाच जा. शेवटच्या गावापासून सुरू कर आणि माझ्याकडे शेवटी ये."

"एकट्याने उतरवायचं म्हणजे रात्र होईल, बाई."

"एकट्याने कशाला? मी येते मागून माझ्या गाडीने. हे हात काय शोभेला आहेत?"

चर्चच्या खुर्च्या तिने पाद्रीबाईंबरोबर उतरवल्या. पुढे टायरवाला, शाळेचं स्वयंपाकघर, गुरांच्या खाद्याचं दुकान. माल उतरवायला आलेली ही गुडघ्यापर्यंत बूट घातलेली बाई कोण, असं सगळीकडे विचारत. ती एका दमात हीटरचं रामायण सांगे आणि पुढच्या खोक्याला हात घाली. गॅसच्या नळ्यांचं काम करणाऱ्या आर्डिसने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बसवणार कोण?"

"मीच," मार्लिस म्हणाली. आर्डिसने तिचा पत्ता लिहून घेतला.

साडेपाचला हीटर एकदाचा तिच्या दारात उतरला. डेलबर्टचे दिवसाला कायद्याने ठरलेले गाडी चालवायचे तास संपत आले होते. कायदा म्हणजे कायदा, तो हळहळत गेला. दीडशे किलोचं ते खोकं आणि मार्लिस समोरासमोर राहिली. ते छताला टांगायचं होतं, गॅसची नळी जोडायची होती. फोनवर ऑरिनला विचारून आपण करू, असं तिने आठवडाभर मनाशी घोकलं होतं. तिने खोकं ढकलून पाहिलं. ते तसूभरही हललं नाही. तिला रडू आलं.

तेवढ्यात फाटकाशी गाडी वळली. तिच्यामागे दुसरी, मग आणखी तीन. आर्डिसने पान्यांची पेटी आणली होती. टायरवाल्याने जॅक. पाद्रीबाईंनी चार धट्टेकट्टे भाविक. खाद्यवाल्याने साखळ्या आणि शिडी. शाळेच्या स्वयंपाकीणबाईंच्या हातात हॉटडिशचं, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मांस-बटाट्याचं, वाफाळतं भांडं होतं.

"बघत काय उभी राहिलीस?" आर्डिस म्हणाली. "शिडी धर."

सूर्य मावळायच्या आत हीटर टांगला गेला. आर्डिसने गॅस सोडला, निळी ज्योत पेटली आणि रोपांच्या पानांवरून ऊब सरकत गेली. मार्लिस प्रत्येकाचा हात धरून नुसती उभी राहत होती.

फोन वाजला. गोदामाचा व्यवस्थापक होता, बिचारा फार वरमलेला. "बाई, सकाळी तुमचा माल भरताना चूक झाली. त्या माणसाविरुद्ध तक्रार लिहून घेऊ का?"

"तक्रार नको, त्याचं नाव सांगा. रविवारी त्याला जेवायला बोलवायचंय," मार्लिस म्हणाली. "त्याने नीट भरला असता ना, तर हीटर सकाळीच आला असता आणि मी अजून एकटी त्याच्यासमोर बसलेली असते."