आपापले चेअरमन

"खरं तेच सांगतोय, पण तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," असं म्हणत उत्तमकाकांनी रिकामी बादली पालथी घातली आणि टाकीच्या लोखंडी झाकणाशेजारी तिच्यावर बूड टेकलं. "पुलाजवळ, वरसाव्याला, एक बिल्डिंग होती. तिथे चेअरमनच नव्हता. म्हणजे, सगळेच चेअरमन."

ए विंगची रांग झाकणाच्या डावीकडे, बी विंगची उजवीकडे. झाकणाला प्रशासकांचं कुलूप. नवघरच्या या सोसायटीचा पंप जळाला होता, दुरुस्तीला प्रशासकांची सही हवी होती आणि सही होईपर्यंत खालच्या टाकीतून बादलीनं पाणी काढायचं होतं. तेही साहेब येऊन कुलूप उघडतील तेव्हा. सकाळी येणार होते. ऊन डोक्यावर आलं होतं.

पूर्वी या झाकणाला दोन कुलुपं होती. निवडणुकीत ए विंगच्या गॅलऱ्यांना एका पक्षाचे झेंडे लागले, बी विंगच्या गॅलऱ्यांना दुसऱ्याचे, आणि समोरचे पाणी चोरतात म्हणून दोघांनीही टाकीला आपापलं कुलूप ठोकलं. मग दोघांनीही वर अर्ज केले, की समोरच्यांचं कुलूप तोडा. वरून हे प्रशासक आले, त्यांनी दोन्ही तोडली आणि स्वतःचं लावलं. आपलं कुलूप गेल्याचं दुःख कोणाला झालं नाही. समोरच्याचं गेलं म्हणून पेढे मात्र दोन्हीकडे वाटले गेले.

ए विंगच्या रांगेत आशा पहिली होती. वर घरात तिचे सासरे अंथरुणाला खिळलेले, त्यांची चादर सकाळपासून ओली, आणि त्यांना पुसून घ्यायलाही पाणी नव्हतं.

"तर तिथे निवडणूक झाली," काका सांगत होते. "गुप्त मतदान. पेटी उघडली तर प्रत्येकानं स्वतःलाच मत दिलेलं. सगळे एकेका मतानं निवडून आले."

"मग पडलं कोण?" बी विंगच्या रांगेतून नाथानं विचारलं.

"कोणीच नाही. म्हणून तर भांडण नाही. जो तो स्वतःचा चेअरमन. नळ ठिबकला की स्वतःच्याच दाराची बेल वाजवायची, स्वतःकडे तक्रार करायची, स्वतःला दोन शिव्या द्यायच्या आणि वॉशर बदलायचा."

"और वॉचमन?" नाथाच्या मागून हंसाबेन म्हणाल्या.

"नव्हताच. एकदा चोर आला. राखायला कोणी दिसेना, म्हणून बिचारा रात्रभर स्वतःच पहारा देत बसला."

दोन्ही रांगा हसल्या. आपण एकत्र हसतोय हे लक्षात आल्यावर थांबल्या.

"आणि टाकी?" आशा म्हणाली. ती हसली नव्हती.

"टाकीला कुलूप नाही. जो तो आपल्यापुरतं काढायचा, वर शेजाऱ्यासाठी एक तांब्या टाकीत ओतून जायचा. संध्याकाळी टाकी सकाळपेक्षा भरलेली. मी स्वतः राहिलोय तिथे, या डोळ्यांनी पाहिलंय." काकांनी आवाज खाली आणला. "या कुलुपाला हात तर लावून बघ, पोरी."

आशा वाकली आणि तिनं कुलूप हातात घेतलं. कडी निसटून बाहेर आली. काल साहेब फोनवर बोलत बोलत निघाले होते. कुलूप अडकवलं होतं, दाबायचं राहून गेलं होतं.

दोन्ही रांगांच्या माना कुलुपाकडे वळल्या.

"सकाळपासून तसंच आहे," काका गालात हसले. "मी आल्या आल्या पाहिलं."

बी विंगच्या रांगेत दोन मोबाइल वर झाले. ते पाहून ए विंगच्या रांगेतही झाले.

"आशाताई, नको," नाथा हळूच म्हणाला. "झाकण उचललंत की ए विंगनं टाकी फोडली म्हणून साहेबांकडे फोटो जाईल. मी नाही पाठवणार. पण जाईल."

"मग तुम्हीपण हात लावा ना, नाथाभाऊ. दोघं मिळून उचलू. मग कोणाचं नाव घेतील?"

नाथानं झाकणाकडे पाहिलं. मग मान वळवून आपल्या रांगेकडे पाहिलं. "आमच्यातले मला काय म्हणतील?"

वरच्या खिडकीतून खोकल्याची उबळ ऐकू आली. आशानं वर पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं कडी परत होती तशी अडकवली आणि दोन्ही हातांनी कुलूप दाबलं.

टक् असा आवाज झाला. दोन्ही रांगांमधले मोबाइल खाली आले. सगळ्यांचेच खांदे जरा सैल पडले.

आशा आपल्या बादलीपाशी येऊन उभी राहिली. ओढणीला हात पुसले.

"काका, खोटं बोललात तुम्ही," ती म्हणाली. "तिथे राहून आलेला माणूस सकाळपासून उघड्या कुलुपाशेजारी बसून राहिला नसता."