फोटोंची प्रदक्षिणा

दुपारपर्यंत दोनशे माणसं येऊन गेली आणि सगळ्यांनी प्रदर्शन उलटं पाहिलं.

शालूबाई मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत. फोटोंचं प्रदर्शन मांडायची त्यांची ही पहिलीच वेळ. फोटो स्टुडिओवाल्या बाळासोंचे होते. कुरुंदवाडची नदीकाठची एक गल्ली, पुराआधी, पुरात आणि पुरानंतर. हॉलच्या भिंतींना ओल, म्हणून शालूबाईंनी मधोमध फळ्यांचा चौकोन उभा केला आणि त्यावर बाहेरून, डावीकडून उजवीकडे, सोळा फोटो क्रमानं लावले. पहिल्यात नांदतं घर, सोळाव्यात पत्र्याची खोपटी.

लोकांनी दारात चपला काढल्या. मधोमध काही मांडलेलं दिसताच ते उजव्या हाताला ठेवून चालू लागले, देवळात चालतात तसे. आधी सोळावा, मग पंधरावा. शालूबाईंनी जमिनीवर खडूनं बाण काढला. एका म्हातारीनं तो ओलांडला आणि उलट्या फेऱ्या मसणात घालतात म्हणून सुनावलं. एक पैलवान तर खूश होऊन गेला. आधी खोपटी होती, मग पूर आला, मग चांगली घरं झाली. राजाचं संस्थान गेलं तरी कामं होत्यात की, म्हणाला.

बाळासोंना हे ऐकवेना.

"बाई, लोकास्नी कायबी कळंना झालंय. दोनला दार लावतो. सगळे फोटो उलट्या क्रमानं लावून घ्या. न्हायतर उद्यापास्नं माझं मी बघतो."

शालूबाई खिळे उपसायला पक्कड शोधायला लागल्या.

तेवढ्यात बयाबाई आली. त्याच गल्लीतली. बाळासोंनीच तिला निरोप धाडला होता. तीही सगळ्यांसारखीच निघाली. खोपटी बघून, हे आमचंच, एवढं म्हणाली. पडक्या भिंतींपाशी पदर तोंडाशी गेला. पाण्याचे फोटो तिनं भराभर मागं टाकले.

शेवटी पहिल्या फोटोपाशी थांबली. घर उभं होतं. दार सताड उघडं, ओट्यावर मिरच्या वाळत घातलेल्या. मिरच्या हिच्याच असणार, कारण ती त्या मोजल्यासारखी बघत होती. मागची रांग खोळंबली. कुणी पुढं व्हा म्हणालं. ती हलली नाही.

दोन वाजले. बाळासो दार लावायला निघाले. शालूबाईंनी मानेनंच नको म्हटलं. बाळासो तिथंच उभे राहिले.

"फुडं काय हाय, बाई?" बयाबाईनं फोटोवरची नजर न काढता विचारलं.

कोपऱ्यापलीकडं पुन्हा खोपटीच होती. शालूबाई त्या कोपऱ्यावर जाऊन फळीला पाठ लावून, वाट अडवून उभ्या राहिल्या.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "इथं संपतं."