मोठ्याबाईंचं बोट

“थांबा,” मोठ्याबाई म्हणाल्या आणि बेकरीतले सगळे हात जागच्या जागी थांबले.

त्यांनी काथवटीतल्या पिठात पुन्हा बोट रुतवलं. बोट आत गेलं की पीठ त्याला किती जोरानं बाहेर ढकलतं, त्यावर सगळा खेळ. धसमुसळेपणा करत असेल तर कच्चं, मेल्यागत पडून राहिलं तर वाया गेलेलं. डोळ्यांना सगळी पिठं सारखीच दिसतात. हे कळतं ते बोटाला.

आणि बोटाला गेल्या हिवाळ्यापासून काही म्हणजे काही कळत नव्हतं. साखरेच्या आजारानं ते बधिर झालं होतं. मोठ्याबाई घड्याळाकडे चोरून बघून अंदाजानं ‘थांबा’ नाहीतर ‘घाला’ ठोकून देत. कुणाला सांगितलं नव्हतं, पोटच्या लेकीलासुद्धा नाही. बोट गेलं तर बेकरीत आपण कोण? कोपऱ्यात बसवून ठेवलेली म्हातारी.

“मोठ्याबाई, जेवून या की,” भट्टीवाला म्हणाला. रोज पहिलं ‘थांबा’ म्हटलं की त्या घरी जात, दोन घास खाऊन पाठ टेकत, आणि परत येऊन ‘घाला’ म्हणत.

“लेक आलीय ती काय तुझं तोंड बघायला? आज इथेच बसणार मी.”

लेक खोक्यावर बसून उद्याच्या तासाची तयारी करत होती. ती कॉलेजात शिकवायची. राज्य कसं जन्माला आलं, असा धडा होता.

“ऐक ना आई. एक म्हणतो, बळकटानं काठी उगारली, बाकीचे वाकले. दुसरा म्हणतो, लोक भांडून भांडून दमले आणि एकाला म्हणाले, तू सांग, आम्ही ऐकतो. तिसरा म्हणतो देवानं पाठवला. आणि चौथा म्हणतो, घरातल्या बापाचाच पुढे राजा झाला.”

“बापाचा?” भट्टीवाला हसला. “माझ्या घरी येऊन बघा म्हणावं त्याला.”

“काठीवाला कधी झोपत नव्हता वाटतं?” मोठ्याबाई म्हणाल्या. “आणि ऐकतो म्हणणारे! माणसं सकाळी हो म्हणतात नि दुपारी विसरतात. अगं, ज्याला कळतं त्याचं राज्य. तुझे बाबा गेले तेव्हा तुझे तिघे काका या भट्टीपुढे कोंबड्यांसारखे भांडत होते. एक म्हणे आत्ता घाला, दुसरा म्हणे नंतर. पीठ आंबून फसफसलं. दुसऱ्या दिवशी मी बोट घातलं आणि म्हटलं, घाला. पाव असा उतरला की तिघांची तोंडं बंद. मला कुणी निवडलं नाही आणि मी कुणाला मारलं नाही.”

“मग कळेनासं झालं की?” लेकीनं सहज विचारलं, वर्गात पोरांना विचारावं तसं.

मोठ्याबाईंनी पदरानं उगाच तोंड पुसलं. मग बोट पिठात घातलं. दुसऱ्याच कुणाचं बोट बुडतंय असं वाटलं त्यांना.

“अजून नाही,” त्या जरा मोठ्यानंच म्हणाल्या. “बघ आता. मी बोलल्याशिवाय इथे एक पाव भट्टीत जाणार नाही.”

तेवढ्यात वास आला.

भाजलेल्या पावाचा, खरपूस, नेमका उतरलेला. समोरची भट्टी तर रिकामी होती. भट्टीवाल्याला एकाएकी खोकला लागला. मागे कुणाच्या तरी हातून पत्र्याचा डबा पडला.

मोठ्याबाई उठल्या. मागची जुनी भट्टी तडकली म्हणून बंद केली, असं त्यांना सांगितलं होतं. त्यांनी दार ढकललं. सून लांब दांड्याच्या फळीवरून पाव बाहेर काढत होती. ओळीनं शेकडो पाव मांडलेले.

“तडकली होती ना ही?”

सुनेनं फळी खाली ठेवली. खोटं बोलली नाही. “नाही आई.”

“कधीपासून चाललंय?”

“तुमचा हात तापल्या पत्र्यावर राहिला आणि तुम्हाला कळलंच नाही, त्या दिवसापासून.”

“आणि पुढचं ते पीठ?”

“ते तुमच्यापुरतं वेगळं मळतो. थोडंसं.”

मोठ्याबाईंनी एक पाव उचलून मोडला. आत बघितलं, दाबून बघितलं, वास घेतला. काहीतरी खोड काढायची होती. सापडेना.

“बारा तोंडांची माणसं ही. एकालाही मला सांगावंसं वाटलं नाही? तोंडं शिवली होती का सगळ्यांची?”

“मी सांगितलं होतं त्यांना,” सून हळू म्हणाली. “आईंच्या कानावर जाता कामा नये म्हणून.”

“आणि ऐकलं सगळ्यांनी?”

“ऐकलं.”

भट्टीवाला, कामगार, लेक, सगळे दारात येऊन उभे राहिले होते. कुणी वर बघेना. लेकीनं आईचा हात धरला तर तो त्यांनी सोडवून घेतला. मोडलेला पाव मोठ्याबाईंनी दोन्ही तुकडे जुळवून पुन्हा ओळीत ठेवला, जणू तो मोडलाच नव्हता. आयुष्यात त्यांनी या बेकरीत कुणाला काही विचारलं नव्हतं.

“उद्या येऊ का गं मी?”

सगळे सुनेच्या तोंडाकडे बघू लागले. मोठ्याबाईसुद्धा.