सुपारीचा हत्ती

वालावलच्या गुरुप्रसादकाकांच्या बुद्धिबळातला एक हत्ती हरवल्यापासून त्याच्या जागी सुपारी असायची. शेवटच्या डावात विचार करता करता काकींनी तीच उचलली, अडकित्त्याने कातरली आणि पानात घालून खाल्ली. “गेलो तुझो हत्ती!” काका पोट धरून हसले. “हत्ती नाय तरी मीच जिकतलंय,” काकी म्हणाल्या, आणि हरल्या. पुढचा डाव खेळायला त्या राहिल्याच नाहीत. तेव्हापासून काका रोज दुपारी पडवीत तोच डाव मांडतात आणि काकींसाठी अधिक चांगली खेळी शोधतात. आज सापडली. घोड्याऐवजी कडेचं प्यादं पुढे सरकवलं असतं, तर काकांच्या राजाला सुटकाच नव्हती. “जिकलंस गो,” ते समोरच्या रिकाम्या पाटाला म्हणाले. “कोणाशी बोलतास, बाबानू?” सुनेने आतून विचारलं. काकांनी नवा डाव मांडला, हत्तीच्या घरात सुपारी ठेवली आणि अडकित्ता मुद्दाम काकींच्या बाजूला सरकवला.